गुरांचा विषाणू आणि पेशीचे उसने जनुक



गुरांच्या रोगांपैकी काहींना नाव आधी मिळाले, त्यांचे कारण नंतर सापडले आणि त्यांचे खरे स्वरूप त्याहूनही पुष्कळ उशिरा उलगडले. गुरांचा विषाणुजन्य अतिसार हा असाच एक रोग आहे. १९४६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, कॉर्नेल विद्यापीठातील ओलाफ्सन, मॅक्कॅलम आणि फॉक्स या पशुवैद्यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. जनावरांना ताप येई, हगवण लागे, दूध आटे, तोंडात व्रण उठत आणि गाभण गाई गाभडत. लागण झपाट्याने पसरे, परंतु बहुतेक गुरे काही दिवसांत सावरत.

पुढे १९५३ साली रॅम्सी आणि चिव्हर्स यांनी आयोवा राज्यातून वेगळ्याच एका रोगाची हकीगत सांगितली. त्यात तोंडापासून आतड्यापर्यंतच्या श्लेष्मल त्वचेची चाळण होत असे. व्रण पाहून बुळकांड्याची आठवण व्हावी, पण हा रोग बुळकांड्यासारखा गावेच्या गावे पुसून काढीत नसे. कळपातील एखाददुसरेच जनावर त्याला बळी पडे. बहुधा ते सहा महिने ते दोन वर्षे वयाचे असे आणि एकदा रोग जडला की सहसा वाचत नसे. या रोगाला ‘श्लेष्मल रोग’ असे नाव पडले. एक रोग पुष्कळांना होणारा पण सौम्य, दुसरा थोड्यांना होणारा पण प्राणघातक. दोहोंचा काही संबंध असेल असे प्रारंभी कोणाला वाटले नाही. पुढे प्रयोगशाळेतील तपासणीत दोन्ही रोगांच्या मुळाशी एकच विषाणू असल्याचे दिसून आले. एकाच विषाणूचे असे दोन टोकांचे वर्तन का, या प्रश्नाच्या उत्तरासाठी सुमारे चाळीस वर्षे जावी लागली. जे उत्तर मिळाले ते अनपेक्षित होते. विषाणूने हा मारक गुण गुराच्याच पेशीतून उचललेला होता.

या उत्तरापर्यंतचा मार्ग समजून घेण्यासाठी प्रथम विषाणूचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात गुरांच्या पेशी वाढवून त्यांत हा विषाणू सोडला, तर काही नमुन्यांनी पेशी फुगतात, त्यांत पोकळ्या पडतात आणि त्या मरतात. या नमुन्यांना ‘पेशीनाशक’ म्हणतात. इतर नमुने मात्र त्याच पेशींत भरपूर वाढतात आणि पेशींना इजा झाल्याचे कोणतेच चिन्ह दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लागण झालेले भांडे आणि निरोगी भांडे यांत फरक करता येत नाही. हे झाले ‘अनाशक’ विषाणू. निसर्गात प्रत्यक्ष फिरत असतो तो बहुतांशी हा दुसरा, शांत प्रकार. पेशीनाशक प्रकार जवळजवळ नेहमी श्लेष्मल रोगाने मेलेल्या जनावरातच सापडतो, आणि तेथेही त्याच्या सोबतीला अनाशक प्रकार असतोच. ही जोडगोळीच कोड्याची किल्ली ठरली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट गाईच्या गर्भाशयात घडते. गाभण गाईला पहिल्या चार महिन्यांच्या सुमारास अनाशक विषाणूची लागण झाली, तर विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो. त्या वेळी गर्भाची रोगप्रतिकारक यंत्रणा अजून घडत असते. आपले कोणते आणि परके कोणते, याची ओळख ती याच काळात करून घेत असते. अशा वेळी घरात आलेल्या विषाणूची गणना ती ‘आपल्यां’त करते. गर्भ वाचला आणि वासरू जन्माला आले, तर ते जन्मभर या विषाणूचे वाहक राहते. त्याच्या रक्तात, लाळेत, शेणात, नाकातील स्रावात विषाणूंचे अगणित कण असतात, परंतु त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे मात्र तयार होत नाहीत. काही वासरे खुरटी राहतात, तर काही इतकी धडधाकट दिसतात की मालकाला शंकाही येऊ नये. रोगाचा प्रादुर्भाव नित्याचा असलेल्या प्रदेशांत शंभर गुरांमागे एक-दोन जनावरे अशी असतात. कळपातील लागण तेवत ठेवण्याचे काम मुख्यतः तीच करतात.

श्लेष्मल रोगाने मरतात ती हीच जनावरे. १९८४ साली इंग्लंडमधील कॉम्प्टन येथे ब्राउनली, क्लार्क आणि हॉवर्ड यांनी जन्मजात लागण असलेल्या निरोगी दिसणाऱ्या गुरांना पेशीनाशक विषाणू टोचला आणि त्यांना श्लेष्मल रोग होऊन ती दगावल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एम्स येथे बोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तसाच अनुभव आला. साधे, जन्मजात लागण नसलेले जनावर पेशीनाशक विषाणूला तोंड देऊन बरे होते. ज्याच्या अंगात आधीपासून अनाशक विषाणू वस्तीला आहे, ते मात्र मरते, कारण नवागत विषाणूलाही त्याचे शरीर ‘आपलाच’ समजते. पण या दोन विषाणूंत अगदी जवळचे साम्य असावे लागते. साम्य कमी असेल तर शरीर नवागताला ओळखते आणि त्याच्याशी झगडते.

येथे पुढचा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहिला. प्रयोगशाळेत पेशीनाशक विषाणू सुईने टोचता येतो, परंतु गोठ्यात तो कोठून येतो? मेलेल्या जनावरातून मिळणारे दोन विषाणू जुळ्या भावांसारखे तंतोतंत असावेत, हे बाहेरून आलेल्या लागणीत सहसा संभवत नाही. तेव्हा एकाचा जन्म दुसऱ्यापासून त्याच जनावराच्या शरीरात झाला असावा, असा तर्क बळावला. तो सिद्ध करण्यासाठी विषाणूचे जनुकीय लिखाण अक्षरशः वाचावे लागणार होते.

या विषाणूचा आनुवंशिक मजकूर आरएनएच्या एकाच धाग्यावर असतो. त्याची लांबी सुमारे १२,३०० न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे जणू तेवढ्या अक्षरांची असते. पेशीतील यंत्रणा हा सगळा मजकूर एका दमात वाचून सुमारे ३,९०० ॲमिनो अम्लांचे एकच लांबलचक प्रथिन तयार करते आणि नंतर त्याचे ठरावीक जागी तुकडे पडून बारा वेगवेगळी प्रथिने निघतात. उसाच्या कांड्या जेथल्या तेथे तोडाव्यात तसाच हा प्रकार होय. त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची ‘असंरचनात्मक’ प्रथिने अनाशक विषाणूत बव्हंशी एकमेकांना जोडलेलीच राहतात. पेशीनाशक विषाणूत मात्र तिसरे प्रथिन सुटे आणि भरपूर सापडते. विषाणूच्या दोन प्रकारांत नजरेस येणारा हा एकमेव ठळक रासायनिक फरक होता.

१९८८ साली पेशीनाशक विषाणूच्या एका अमेरिकी वाणाचा संपूर्ण मजकूर प्रसिद्ध झाला. तेथे, ज्या प्रथिनांच्या जोडाविषयी आपण बोलत आहोत त्याच भागात, २७० अक्षरांचा एक जादा तुकडा आढळला. जवळच्या नात्यातील इतर विषाणूंत तो नव्हता. तो कोठला, हे त्या वेळी उमगले नाही. पुढच्या वर्षी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील मायर्स, र्‍यूमेनाप्फ आणि थील यांनी एका युरोपीय वाणाच्या मजकुरात असाच जादा तुकडा तपासला. तो २२८ अक्षरांचा होता आणि त्याचा अर्थ लावताच संशोधकांना एक जुनी ओळख पटली. तो तुकडा होता ‘युबिक्विटिन’ या प्रथिनाचा.

युबिक्विटिन हे विषाणूचे प्रथिन नव्हे. यीस्टपासून मनुष्यापर्यंत केंद्रकयुक्त पेशी असलेल्या सर्व जीवांत ते आढळते. त्यात ७६ ॲमिनो अम्ले असतात आणि यीस्ट व मनुष्य यांच्या युबिक्विटिनात केवळ तीन ॲमिनो अम्लांचा फरक आहे. जी प्रथिने निकामी झाली असतील किंवा ज्यांचे काम संपले असेल त्यांना युबिक्विटिन चिकटवून पेशी त्यांची विल्हेवाट लावते. या शोधाबद्दल सिचानोव्हर, हर्श्को आणि रोज यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा पेशीच्या घरगुती व्यवहारातला मजकूर एका विषाणूच्या धाग्यात शब्दशः उतरलेला होता. १९९१ साली मायर्स, थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्लेष्मल रोगाच्या एकाच जनावरातून मिळवलेले दोन विषाणू शेजारी शेजारी ठेवून वाचले. दोहोंचा मजकूर जवळपास सारखा निघाला, पण पेशीनाशकात युबिक्विटिनचा तुकडा होता आणि अनाशकात नव्हता. पेशीनाशकाचा जन्म अनाशकापासून, त्याच जनावरात, पेशीच्या मजकुराशी पुनःसंयोजन होऊन झाला, या तर्काला आता भक्कम आधार मिळाला.

हे पुनःसंयोजन कसे घडते? विषाणूचा आरएनए उतरवून काढणारे एंझाइम हे एखाद्या लेखनिकासारखे असते. लेखनिक पोथीची नक्कल करीत आहे, शेजारी दुसऱ्याच पोथीची पाने उघडी आहेत, आणि ओळ चुकून त्याची दृष्टी त्या पानावर जाते. काही ओळी तेथल्या उतरवून तो पुन्हा मूळ पोथीवर येतो. नक्कल पूर्ण होते, पण तिच्या पोटात परक्या पोथीतले चार चरण राहून जातात. पेशीच्या द्रवात विषाणूच्या धाग्याभोवती पेशीचे स्वतःचे निरोप वाहणारे आरएनए मुबलक असतात. एंझाइम एका धाग्यावरून दुसऱ्यावर आणि तेथून परत, अशा दोन उड्या मारते. आरएनएचे तुटलेले तुकडे एंझाइमाच्या नकलेवाचूनही परस्पर जोडले जाऊ शकतात, हे २००४ साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे या घटनेला एकाहून अधिक वाटा आहेत.

अशी चूक उपयोगी पडण्याचा संभव फारच थोडा असतो. आनुवंशिक मजकूर तीन तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. घुसलेला तुकडा त्या मापात बसला नाही, तर पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो आणि तो विषाणू तेथेच संपतो. तो योग्य जागी बसावा लागतो, आणि बसल्यावर विषाणूला त्याचा लाभही व्हावा लागतो. परंतु जन्मजात लागण असलेल्या जनावरात विषाणूची नक्कल महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे, अहोरात्र चालू असते. इतक्या नकलांत कधी तरी एक चूक नेमकी जुळून येते.

जुळून आल्यावर काय होते, हेही आता बरेचसे स्पष्ट झाले आहे. युबिक्विटिनच्या शेवटी कात्री चालवणारी एंझाइमे प्रत्येक पेशीत असतातच. विषाणूच्या प्रथिनसाखळीत युबिक्विटिन शिरले की ही एंझाइमे आपल्या नेहमीच्या कामाप्रमाणे तेथे छेद देतात आणि तिसरे असंरचनात्मक प्रथिन मोकळे होते. विषाणूने पेशीचा मजकूर घेतला आणि पेशीची कात्री त्याला आपोआप मिळाली. अमेरिकी वाणातील २७० अक्षरांचा तुकडा याहून अधिक उद्‌बोधक ठरला. तो पेशीतील ‘जिव्ह’ नावाच्या एका साहाय्यक प्रथिनाचा अंश निघाला. अनाशक विषाणूलाही दोन प्रथिनांचा जोड सोडविण्यासाठी हेच साहाय्यक प्रथिन लागते, परंतु पेशीत त्याचा साठा अल्प असतो. लागणीच्या पहिल्या काही तासांत तो संपतो, जोड सुटेनासा होतो, आणि त्याबरोबर विषाणूच्या नकलेचा वेगही मंदावतो. अनाशक विषाणूच्या सौम्यपणाचे रहस्य या साठ्याच्या अल्पतेत आहे. पेशी जणू त्याला मोजून शिधा देते, आणि तेवढ्यात भागवीत तो वर्षानुवर्षे टिकतो. ज्या विषाणूने जिव्हचा तुकडा स्वतःच्या धाग्यात बांधून घेतला, त्याला शिध्याची मर्यादा उरत नाही. तिसरे प्रथिन अखंड तयार होते, आरएनएच्या नकला वारेमाप वाढतात आणि पेशी मरते.

पेशीनाशक गुण नेहमी पेशीच्याच जनुकातून येतो, असे मात्र समजू नये. काही वाणांत विषाणूच्या स्वतःच्या मजकुराचा भाग दोनदा उतरलेला आढळतो, काहींत मोठा भाग गळालेला असतो, तर काहींत मोजकी अक्षरेच बदललेली असतात. वाटा अनेक आहेत, पण बहुतेक सगळ्या एकाच मुक्कामाला, म्हणजे तिसरे प्रथिन मोकळे होण्याकडे, जातात. निसर्गाने निरनिराळ्या जनावरांत निरनिराळ्या मार्गांनी तोच बदल पुनःपुन्हा घडवलेला पाहून, तो बदलच रोगाचे मूळ आहे हा निष्कर्ष अधिक दृढ झाला.

पेशीचा मजकूर उचलण्याची ही रीत केवळ गुरांच्या विषाणूची नव्हे. १९११ साली न्यूयॉर्क येथे पेटन राऊस यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा अर्क गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि विषाणूने अर्बुद होऊ शकते हे दाखविले. त्या विषाणूतील अर्बुदकारक जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतले आहे, हे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. १९८९ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच १९८९ साली, जर्मनीतील गीसेन येथील संशोधकांना टर्की पक्ष्याच्या एन्फ्लुएंझा विषाणूत पेशीच्या रायबोसोमातील आरएनएचा ५४ अक्षरांचा तुकडा शिरून विषाणू अधिक घातक झालेला आढळला. ही केवळ प्रयोगशाळेतील गंमत नव्हती. २०१२ साली मेक्सिकोच्या जलिस्को राज्यात कोंबड्यांमध्ये एन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, तिच्या विषाणूतही त्याच मोक्याच्या जागी रायबोसोमाच्या आरएनएशी जुळणारी २४ अक्षरे होती. त्या साथीत दोन कोटींहून अधिक कोंबड्या मेल्या किंवा माराव्या लागल्या. उलट, मेंढ्या-शेळ्यांच्या तोंडावर फोड आणणाऱ्या ‘मावा’ रोगाच्या विषाणूने फार पूर्वी उचललेले जनुक वेगळ्याच कामी येते. ते प्रतिकारशक्तीला शांत करणाऱ्या एका प्रथिनाचे आहे आणि त्याच्या साहाय्याने विषाणू जनावराच्या त्वचेत टिकाव धरतो. उसन्या जनुकाने विषाणू क्रूरच होतो असे नाही. तो कधी क्रूर होतो, कधी अधिक चतुर होतो.

आता मूळ विषयाकडे वळून एक व्यावहारिक प्रश्न विचारावयास हवा. पेशीनाशक विषाणू इतका प्रबळ असताना त्याने अनाशकाला केव्हाच हद्दपार का केले नाही? पेशीनाशक विषाणू लागण होताच पेशीला इंटरफेरॉन तयार करण्यास भाग पाडतो. त्यामुळे तो गर्भात कायमचे घर करू शकत नाही. ज्या जनावरात तो जन्मतो, ते थोड्याच दिवसांत मरते आणि त्याच्याबरोबर त्याचा वंशही बहुधा खुंटतो. अनाशक विषाणू मात्र इंटरफेरॉनला दबवून, गर्भात शिरून, एका वासरापासून दुसऱ्या गाभण गाईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो. गोठ्यात मेलेले वासरू सर्वांच्या नजरेस येते. ज्याच्यामुळे ते मेले तो विषाणू मात्र शेजारच्या धडधाकट जनावराच्या अंगात असतो.

रोगनियंत्रणाची दिशा याच ज्ञानातून ठरली. स्वीडनने १९९३ साली लस न वापरता मोहीम हाती घेतली. कळपांची तपासणी करावी, जन्मजात वाहक जनावरे शोधून काढून टाकावीत आणि निरोगी कळपांत तपासणीवाचून नवे जनावर येऊ देऊ नये, एवढाच तिचा आराखडा होता. स्वित्झर्लंडने २००८ साली देशातील सर्व गुरांची आणि पुढे प्रत्येक नवजात वासराची, कानाच्या बिल्ल्याबरोबर निघणाऱ्या इवल्याशा तुकड्यावरून, तपासणी सुरू केली. मरणारे जनावर वाचवण्यामागे न लागता शांत वाहक हुडकणे, हा या दोन्ही मोहिमांचा गाभा होता आणि त्यांना मोठे यश लाभले.

लसीच्या बाबतीत हे ज्ञान सावधगिरी शिकवते. जिवंत लसीत क्षीण केलेला पेशीनाशक विषाणू असेल आणि ती नकळत जन्मजात वाहकाला टोचली गेली, तर लसीतला विषाणू आणि जनावरातला विषाणू यांच्यातच पुनःसंयोजन होऊ शकते. लस टोचल्यावर काही काळाने झालेल्या श्लेष्मल रोगाच्या मुळाशी असे पुनःसंयोजन होते, हे १९९५ साली रिडपाथ आणि बोलिन यांनी दाखवून दिले. दुसरा धोका लस बनवण्याच्या सामग्रीत असतो. पेशी वाढवण्यासाठी वापरला जाणारा रक्तद्रव गाईच्या गर्भापासून काढतात. त्या गर्भातच अनाशक विषाणू असेल, तर तो पेशींना न मारता भांड्यात वाढत राहतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. १९९९ साली नेदरलँड्समध्ये दुसऱ्याच एका रोगावरील लसीतून हा विषाणू गुरांत पसरला होता.

भारतातही हा विषाणू आहे. गाईगुरांप्रमाणेच मेंढ्यांतही तो आढळला असून भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत त्याच्या निरनिराळ्या प्रकारांची ओळख पटवली गेली आहे. आपल्याकडे दोन-चार जनावरांचा गोठा असलेल्या शेतकऱ्याची गाय गाभडली की तिची कारणे चाऱ्यात, उन्हात किंवा दैवात शोधली जातात. वासरू खुरटे निघाले की त्याला जंताचे औषध पाजले जाते. यांपैकी किती प्रसंगांत हा मूक विषाणू असतो, हे तपासणीवाचून सांगता येणार नाही. कृत्रिम रेतनाच्या आजच्या काळात एका वळूचे वीर्य हजारो गाईंपर्यंत पोहोचते. म्हणून वीर्यकेंद्रातील प्रत्येक वळू जन्मजात वाहक नाही याची खात्री करून घेणे, बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे आणि गाभण गाईंच्या पहिल्या चार महिन्यांत त्यांच्या दावणीला अनोळखी जनावर न आणणे, या तीन गोष्टी अत्याधुनिक प्रयोगशाळेची वाट न पाहता सांगता येण्याजोग्या आहेत. त्यांपैकी दुसरी आणि तिसरी तर कोणत्याही गोठ्यात आजच करता येण्यासारखी आहे.